शेवटच्या बांधीनं आधी बोलायचं

"सिस्टर, तुमची पोरगी मुकी तं नाइ ना जी?"

हे माझ्या कानावर पडावं असं बोलणाऱ्याच्या मनात नव्हतं. गोंदियातल्या राइस मिलच्या मागच्या खोलीत, दाराआडच्या कॉम्प्युटरपाशी मी पाठमोरी बसले होते. पण आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा कोंड्याच्या पोत्यांपलीकडे पोहोचायची.

"बोलती है, बोलती है," मिलवाले काका म्हणाले. "इंग्लिश मीडियम है ना. अंदर पहले ट्रान्सलेशन होता है, फिर बाहर आता है. टाइम लगता है."

आई हसली नाही. "घरी लय बोलते," एवढंच म्हणाली. ते खोटं होतं. मी घरीही फारसं बोलत नव्हते. मी की-बोर्डकडे बघत राहिले आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यात मी लहानपणापासून पटाईत होते.

आजोबा माझे आजोबा नव्हते. सगळेच त्यांना आजोबा म्हणायचे. कोहमाऱ्याच्या पुढच्या एका गावचे ते शेतकरी, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणं चालत आलं अशांपैकी. मिलवाले काकांचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी, जसं गोंदियाच्या बाजारात असतं तसं. आणि माझी आई सरकारी नर्स. ऐन तरुणपणाची वर्षं तिनं दरेकशाच्या बाजूच्या जंगलातल्या गावांमधून पायी फिरून बाळंतपणं केली होती. या तिघांनी मिळून एक ट्रस्ट काढला होता, आणि तो ट्रस्ट आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशात एका गावाला तलाव बांधून देणार होता.

हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे. तेव्हा ते कोणाला सांगायची मला लाज वाटायची. मी नुकतीच कॉलेजला जायला लागले होते. मैत्रिणी विचारायच्या, रविवारी कुठे असतेस? मी म्हणायची, क्लास. लोक हसायचेच. कोहमाऱ्याच्या चौकात चहाच्या टपरीवर एकानं आजोबांना सगळ्यांसमोर टोमणा मारला होता, "का आजोबा, आपल्या गावात नळाले पानी नाइ, अन् तुमी आफ्रिकेले पानी पाजून रायले?"

आजोबांनी कप खाली ठेवला. "तुह्या खापरपणज्यानं तलाव बांधला तवा घरातले सारे माठ भरून बांधला का रे? त्याच्या घरी बी रांजन रिकामाच होता. म्हनून तं बांधला."

हे त्यांनी आम्हाला ट्रस्टच्या रविवारच्या बैठकीत सांगितलं, आणि मी मान वर न करता ऐकलं. त्या दिवसापासून मी मैत्रिणींना क्लास म्हणायचं बंद केलं. खरं काय तेही सांगितलं नाही, पण क्लास म्हणणं बंद केलं.

सुरुवात काकांपासून झाली होती. त्यांच्या धाकट्या भावाचं मलावीत लोखंडी सामानाचं दुकान होतं. एका वर्षी जुलैमध्ये, मिल बंद असते तेव्हा, काका भावाकडे महिनाभर जाऊन आले. "यहाँ से छाता लेके गया, वहाँ स्वेटर खरीदना पडा!" हे ते प्रत्येकाला सांगायचे. भावाबरोबर एका खेड्यात गेले होते, तिथे नदीच्या कोरड्या वाळूत बाया खड्डे खणून वाटीनं पाणी काढत होत्या. जुलै महिना, आणि पावसाचा एक थेंब नाही. काकांना फार लागलं ते. बिचाऱ्यांचा पावसाळासुद्धा कोरडा, असं ते म्हणत राहिले. आम्हीही सगळ्यांनी तेच म्हटलं. मीसुद्धा.

त्यांनी तिथले फोटो आणले होते. आजोबांनी एक फोटो चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. दोन बुटक्या टेकड्या, मधून वाळूचा पट्टा.

"पानी येते इथं," ते म्हणाले. "झाडाच्या खोडाले वर कचरा अडकला, पाह्य. कमरेएवढं येते. येते अन् निघून जाते." मग दोन टेकड्यांच्या मध्ये त्यांनी आडवं बोट ठेवलं, बांध घातल्यासारखं. "इथं पाळ मारली का तलाव होते."

हजारो मैलांवरच्या जागेचा एक फोटो, आणि त्या माणसाला त्यात तलाव दिसला. मला त्या फोटोत वाळूच दिसत होती.

आईला त्यांनी ट्रस्टमध्ये घेतलं, कारण माती वाहणाऱ्या बहुतेक बायाच असणार होत्या. तिनं पहिल्याच बैठकीत अट घातली: गरोदर बाईच्या डोक्यावर टोपली द्यायची नाही आणि तिचं काम तोडायचंही नाही. तिला सावलीत मुलं सांभाळायला बसवायचं आणि मजुरी पूर्ण द्यायची. "हे पत्रात लिहिल्याशिवाय मी सही करत नाही," ती म्हणाली. घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी गप्प बसणारी माझी आई. मी तिच्याकडे पाहतच राहिले.

आणि मी होते, कारण पत्रं इंग्रजीत लिहावी लागणार होती. तिथल्या गावातली शाळेची एक बाई महिन्यातून एकदा पगारासाठी शहरात यायची आणि काकांच्या भावाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आमची पत्रं वाचून उत्तर द्यायची. भावाला त्यात काही विचारायचं कोणाला सुचलं नाही. तो लोखंडाचा माणूस, त्याला मातीतलं काय कळतं, असं सगळ्यांचं मत होतं.

पहिलं पत्र लिहायच्या आधी आजोबा म्हणाले, "हिनं तलाव पाह्यला नाइ तं लिहिन काय?" म्हणून आई आणि मी बसनं कोहमाऱ्याला गेलो. तिथून ते आम्हाला त्यांच्या गावच्या तलावावर घेऊन गेले. मी गोंदियाजवळच्या मुर्रीत वाढले. बोडी, म्हणजे लहान तळी, आणि तलाव मी बसच्या खिडकीतून रोज पाहिले होते. पण पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभं राहून कधी खाली पाहिलं नव्हतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहानलहान शेतं, एकीतून दुसरीत पाणी सोडणारी.

"माती कवा टाकाची?" त्यांनी मलाच विचारलं, परीक्षा घेतल्यासारखं. मला माहीत नव्हतं. "दिवाळी झाली का. धान निघते, मानसं मोकळी होतेत, जमीन वाळते. रोहिनीच्या आधी पाळ पुरी झाली पाह्यजे. कच्च्या मातीवर पह्यलं पानी पडलं का एका दिसात सारी पाळ वाहून जाते. माती गेली तं माती आनता येते. पन मानसं दुसऱ्यांदा टोपली उचलाले येत नाइ, बाई. मंग त्या गावात कधीच तलाव होत नाइ."

मग त्यांनी सगळ्यात खालची, दूरची एक बांधी दाखवली. पाण्याच्या बैठकीत त्यांच्या गावात एक रीत होती. ज्याची बांधी शेवटची, त्यानं सगळ्यात आधी बोलायचं. कारण पाणी त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचतं. वरचे आधी बोलले की खालच्याला बोलायला काही उरतच नाही. "शेवटच्या बांधीनं हो म्हटल्याशिवाय तुडुम उघडत नाइ," ते म्हणाले. तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी. हीच रीत त्यांनी ट्रस्टमध्येही आणली होती. तिघांत आई वयानं लहान, म्हणून प्रत्येक बैठकीत आधी आई बोलायची, मग काका, शेवटी आजोबा.

मी मोजणीत नव्हते. मी टायपिंगला होते.

पहिलं पत्र पावसाळ्यात गेलं. आजोबा सांगत गेले, मी मनात इंग्रजी जुळवत टाइप करत गेले. पाळीची उंची, जादा पाणी जायच्या सांडव्याची जागा, मातीचे थर, प्रत्येक थरावर बैल फिरवायचे, बैल नसतील तर माणसांनी नाचायचं. "दिवाळी झाली का माती टाकाले सुरुवात करा," ते म्हणाले. मी थांबले. तिथे दिवाळी कोणाला कळणार? मी कोणालाही न विचारता तिथे नोव्हेंबर लिहिलं. मला माझ्या हुशारीचं जरा कौतुकही वाटलं.

त्या बाईचं उत्तर दसऱ्याच्या सुमारास आलं. मी ते रविवारी वाचून मराठीत सांगितलं. पाळीची जागा आखून झाली आहे. गावानं टोपल्या विणल्या आहेत. आणि शेवटी तिनं लिहिलं होतं: 'नोव्हेंबरमध्ये आमच्या आया मक्याचं बी घेऊन शेतात असतात. पण तुम्ही सांगितलं आहे, म्हणून त्या शेत सोडून येतील.'

"काम म्हटलं का सगळ्यांना दुसरी कामं आठवतात," काका हसले. "हमारे यहाँ भी ऐसाच है."

"तसं नाइ जी," आजोबा समजुतीनं म्हणाले. "रबी असन. मका रबीतच घेतेत. आपन बी धान निघाल्यावर लाखोरी, हरभरा टाकतोच ना. पोटाचं आधी. लिही बाई, आरामात पेरून घ्या म्हना, शेत सोडू नोका. डिसेंबरात माती टाका."

आईनं मान हलवली. सगळ्यांना ते माणुसकीचं वाटलं, आणि ते होतंही. मी टाइप केलं, मेल नंतर मीच पाठवणार होते. पण त्या बाईचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. 'पण तुम्ही सांगितलं आहे, म्हणून.' असं वाक्य मला ओळखीचं होतं. बोलायचं खूप आहे, पण समोरचे मोठे आहेत, देणारे आहेत, चांगले आहेत, म्हणून माणूस अर्धंच बोलतो आणि मग होकार देतो. मी आयुष्यभर असलीच वाक्यं बोलत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आले आणि शाळेचा जुना अॅटलास काढला. पावसाचे दोन नकाशे शेजारीशेजारी होते, एक जुलैचा, एक जानेवारीचा. जुलैच्या नकाशात आपला देश गडद आणि मलावी पांढरा. जानेवारीच्या नकाशात मलावी गडद आणि आपण पांढरे. हे मला दहावीत पाठ होतं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे, यावर मी परीक्षेत उत्तर लिहून पूर्ण मार्क घेतले होते. आणि त्याच हातानं मी नोव्हेंबर टाइप केला होता.

काकांचं स्वेटर, कोरडा जुलै, नोव्हेंबरातलं मक्याचं बी, सगळं समोर होतं. त्यांचा पावसाळा कोरडा नव्हता. आपण त्यांचा हिवाळा पाहून आलो होतो. मका रबीचा नव्हता, तो मृगाच्या पेरणीसारखा होता. आणि आपण सांगत होतो, डिसेंबरात माती टाका. भर पावसात. त्या बायांनी विणलेल्या टोपल्या, त्यांनी नाचून दाबलेले थर एका दिवसात वाहून जाणार होते, आणि मग आजोबांच्याच शब्दांत, माणसं दुसऱ्यांदा टोपली उचलायला येणार नव्हती.

मी ते पत्र पाठवलं नाही. पण कोणाला सांगितलंही नाही.

"मेल केलास का?" आईनं बुधवारी विचारलं.

"नेट बंद होतं."

"काल बी बंद होतं?"

"हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नर्सा थर्मामीटर काढल्यावर बघतात तसं.

त्या आठवड्यात मी किती कारणं शोधली. त्या बाईलाच गुपचूप लिहावं, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा करा म्हणून. पण तसं ती करणार नव्हती. पत्राखाली तिघांची नावं नसती तर तिनं ते मानलंही नसतं. काकांच्या भावाला फोन करावा. पण त्याचा नंबर काकांकडे. आईला सांगावं, तिनं बैठकीत सांगावं. हे सगळ्यात सोपं होतं, आणि बुधवारी रात्री जेवताना दोनदा ते माझ्या तोंडावर आलं. पण आई बोलली असती तर नोव्हेंबर आजोबांचा ठरला असता. ज्या माणसानं फोटोत पाणी पाहिलं, त्याला तलाव बांधण्यातलं कळत नाही असं झालं असतं. आजोबा दिवाळी म्हणाले होते. दिवाळी त्यांच्या गावासाठी बरोबरच होती. नोव्हेंबर माझा होता.

रविवारी मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान उकळत होता, सगळी खोली त्या वासानं भरली होती. आजोबा बसमधून उतरून आले, पाणी प्याले आणि पहिलाच प्रश्न मला.

"गेलं का पत्र?"

मी मान हलवली. नाही.

"काऊन?"

मी की-बोर्डवरची कोंड्याची धूळ पुसायला लागले. काका म्हणाले, "बिटिया, ट्रान्सलेशन चालू है क्या अंदर?" आणि स्वतःच हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "आठ दिवसांपासून नेट बंद आहे हिचं. गोंदियात दुसऱ्या कोणाचंच बंद नाही."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या पिशवीत अॅटलास होता. मला वाटलं होतं तो टेबलावर उघडून ठेवावा आणि बाहेर निघून जावं, त्यांनी बघून घ्यावं. मी पिशवीत हातही घातला. पण आजोबांना त्यातलं बारीक छापलेलं वाचता आलं नसतं, आणि तो इंग्रजीत होता.

आजोबांनी आपली खुर्ची ओढून माझ्या टेबलासमोर आणली. मग आईकडे वळून म्हणाले, "सिस्टर, आपन इतके दिस चूक करून रायलो. ह्या खोलीत शेवटची बांधी कोनाची?"

आई म्हणाली, "माझी."

"नाइ जी. तुमची नाइ. हिची." आणि मला म्हणाले, "बोल, बाई. तू बोलल्याबिगर आज तुडुम उघडत नाइ."

पुढे त्यांनी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. माझं ऐकून ते चिडले नाहीत, हसून टाळलंही नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे आपन त्याहीले भर पावसात माती टाकाले सांगून रायलो होतो." मग काकांना म्हणाले, "तुमी स्वेटर घेतला, मंग बी आपल्याले कळलं नाइ." काका कपाळावर हात मारून घेत होते, "जुलाई में सूखा, जुलाई में सूखा, मैंने ही सबको बोला." आणि आजोबांनी मला नवं पत्र सांगितलं, आणि ते मी शब्दाला शब्द लावून लिहिलं: आमची चूक झाली. तलाव तुमचा आहे, पाऊसही तुमचा आहे. माती कधी टाकायची ते आम्ही सांगणारे कोण? तुमच्या गावात ज्याचं शेत पाळीपासून सगळ्यात दूर आहे, त्याला विचारा आणि आम्हाला कळवा.

त्या बाईचं पुढचं पत्र आधीच्या सगळ्या पत्रांहून लांब होतं, आणि त्यात 'तुम्ही सांगितलं आहे म्हणून' हे कुठेच नव्हतं. सगळ्यात दूरचं शेत एका विधवा म्हातारीचं होतं. तिनं सांगितलं होतं की पाण्याचा सांडवा तुम्ही दाखवला त्या बाजूला नको, तिथली माती पोकळ आहे, वाळवीची. आजोबांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "बराबर सांगते बुडी. मले फोटोत दिसलं नाइ." सांडवा हलवला. मका निघाल्यावर, आम्ही इकडे धानाच्या रोवणीच्या चिखलात होतो तेव्हा, तिकडे कोरड्या उन्हात पाळ चढत होती. एका मोठ्या झाडाखाली पोट पुढे आलेल्या तीन बाया मुलं सांभाळत बसल्या आहेत, असा एक फोटो आला. आईनं तो तिच्या ड्यूटीच्या डायरीत ठेवला. अजून आहे.

पाळीचा फोटो त्या खोलीत लावला आहे. पाळीवर गवत उगवलंय, पाणी दोन्ही टेकड्यांच्या पायाला लागलंय. काका प्रत्येक गिऱ्हाईकाला तो दाखवतात. आता मीही दाखवते, विचारलं तर.

पण हे सगळं मी बोलल्यानंतरचं. त्या क्षणी खोलीत फक्त मिलचा पट्टा वाजत होता, आजोबांची खुर्ची माझ्या टेबलाला टेकली होती, आणि ते कान माझ्याकडे करून थांबले होते. त्यांना ऐकू जावं म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागणार होतं. मी उभी राहिले. इंग्रजी आत काही जुळलं नाही, मराठीही नीट जुळलं नाही, तशीच बोलले.

"आजोबा, पत्र मी मुद्दाम पाठवलं नाही. तिकडे नोव्हेंबरात पावसाळा लागतो, डिसेंबरात टाकलेली पाळ वाहून जाईल. आणि तुम्ही दिवाळी म्हणाले होते. नोव्हेंबर मी लिहिला."